नवरीचं कापड आणि अकोल्याची मशीन

देवानंदनं आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या शिलाई मशीनला हात लावला, तो निव्वळ प्रेमापोटी. मशीन कुरकुरत होती, तेलाची कुपी रिकामी होती आणि कौशल्या हूक आणायला बाजारात गेली होती. मग त्यानं खोबरेल तेलाची बाटली उचलली आणि मशीनच्या अंगावर जेवढी भोकं दिसली तेवढ्यांत मायेनं ओतली. डोक्याला चालतं ते मशीनला का चालू नये? विचार म्हणून हा काही वाईट नव्हता. पण मूर्तिजापुरात डिसेंबरची थंडी पडली होती. सकाळपर्यंत तेल तुपासारखं थिजलं आणि चाक जागचं हलेना. निदान तेव्हा तरी माणसानं गप्प बसावं! पण देवानंद भाजीवाला. अडलेली हातगाडी सोडवतात तसा त्यानं चाकाला हिसका दिला, आणि हिसक्यानं भागेना म्हणून बत्त्याचा एक दणका. चाक तुटून हातात आलं.

कौशल्यानं पाहिलं आणि काहीच बोलली नाही. हे फार वाईट लक्षण होतं. एरवीही ती कमीच बोलायची, कारण शिवताना तोंडात टाचण्या असायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात देवानंद तिच्या भुवया वाचायला शिकला होता. आज भुवयाही हलल्या नाहीत.

लग्न होऊन तिवशाहून मूर्तिजापूरला आली तेव्हा तिला साधा काजही करता येत नव्हता. जुने ब्लाउज उसवायचे, तुकडे अंथरायचे, परत जोडायचे, असं करत ती आपली आपण शिकली. पहिल्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या होत्या. तो तिनं स्वतःच वापरला, फाटेपर्यंत. आता गल्लीत कुणाचं काही अडलं की बायका कापड तिच्या ओट्यावर ठेवून निघून जायच्या. कौशल्यानं "हो" म्हटलं की त्यांच्यापुरतं ते शिवून झालेलं असायचं.

आणि असा एक "हो" तिनं भाचीला दिला होता. भाची म्हणजे देवानंदच्या बहिणीची, चंदाची मुलगी करिश्मा. उद्या अमरावतीला तिचं लग्न. चंदाच्या मनात शालूवरचा ब्लाउज एखाद्या बुटीकमध्ये टाकायचा होता. पण पोरीनं हट्ट धरला, "मामीच शिवन." कापड बेतून, कापून तयार होतं, शिवायचं तेवढं बाकी होतं. शालूचं कापड पुरलं ते जेमतेम. तुकडा म्हणून करंगळीएवढाही उरला नव्हता.

मिस्त्रीनं मोडकी मशीन पाहून मान हलवली. "वयनी, हिचा पार्ट आता कुठंच भेटत नाही." लग्नसराईत गावातली एकही मशीन रिकामी नव्हती, उसनी कोण देणार? कौशल्यानं खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला घातल्या.

"कुठं चालली?" देवानंदनं विचारलं.

"अकोल्याले. तुमी बी चला. ओझं उचलाले."

अकोल्याच्या दुकानात मशिनी रांगेनं उभ्या होत्या. मालक नितेशभाऊ तरुण आणि गोड बोलणारा. देवानंदला प्रायश्चित्ताची घाई झाली होती. वांगी पारखताना त्याची नजर पहिली चमकीवर जायची, तशी ती इथंही सगळ्यात चकचकीत मशीनवर गेली.

"हे घेऊन टाक! हिच्यात फुलं निघतात म्हने आपोआप."

"फूलगोबी विकतोच नं आपन गाडीवर," कौशल्या म्हणाली.

ती थांबली ती एका काळ्या, जडशीळ मशीनपाशी. अगदी घरच्यासारखी, बहीणच म्हणा ना. कौशल्याचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला. नितेशभाऊनं कडक खळ असलेल्या कापडाची चिंधी घातली आणि टाके मोत्यासारखे पडले.

"पाहा वयनी! घरच्या कामाले याच्यापेक्षा भरवशाची मशीन नाही."

"या चिंधीवर तं कोनतीबी चालन," असं म्हणत तिनं पिशवीत हात घातला.

देवानंदला वाटलं होतं की पिशवीत घरच्या चिंध्या असतील. बाहेर आलं ते शालूचं कापड. आंबारंगी, जरीचं, नुसतं धरलं तरी बोटांतून निसटणारं.

"अवं, हे नवरीचं हाय!"

"मंग? घरी नेल्यावर हेच शिवाचं हाय नं? तिथं मशीननं कापड खाल्लं तं कोनाले बोलावू?"

देवानंद मुकाट तिच्या मागे उभा राहिला. तिनं अस्तर लावून ब्लाउजच्या पुढच्या कटोरीची कड सुईखाली सरकवली. चार टाके सरळ गेले. देवानंदनं श्वास सोडला. पाचव्याला आवाज बदलला, कापड आत ओढलं गेलं आणि खाली दोऱ्याचा गुंता झाला. कौशल्याचा पाय जिथल्या तिथे थांबला.

तिनं टाचणी काढली आणि एकेक दोरा सोडवू लागली. जरीची एक तार वर आली होती. आणखी एक ओढली गेली असती तर कटोरी गेली, ब्लाउज गेला, आणि उद्या भर मांडवात चंदाच्या तोंडाला धार आली असती.

"नवी हाय नं वयनी, बसाले वेळ लागते," नितेशभाऊ पुटपुटला. "कापड जराक मांगून ओढून धरलं की..."

"बसन तवा बसन. लगन उद्या हाय."

कापड सुटलं. वण पडला होता, पण शिवणीच्या आत, दिसणार नाही असा. तेवढ्यात देवानंदचा फोन वाजला. चंदा.

"दादा, झाला का बिलाऊज? हळदीले बसलो आमी. करिश्मा सारखी इचारून राहिली."

"झालाच समज," देवानंद म्हणाला. "हूक लावून राहिली."

"मी तं म्हटलंच होतं का बुटीकमंधी..."

"आवाज कटून राहिला, चंदा," असं म्हणून त्यानं फोन बंद केला.

कौशल्यानं मान वळवली नाही. काळ्या मशीनवरून तिनं एकदा हात फिरवला, तोंड फिरवलेल्या मैत्रिणीच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि शेजारच्या पांढऱ्या मशीनसमोर स्टूल ओढलं. ही ना काळी, ना फुलंवाली. मोटरची, साधी, मधल्या रांगेतली. मोटरवर तिचा कधीच विश्वास नव्हता. चिंधी घालून पाय दाबला तशी ती बुजलेल्या गोऱ्ह्यासारखी उधळली.

"कौशल्या, राहू दे," देवानंद कुजबुजला. "चंदाले सांगू, मशीन मी मोडली म्हनून. मले बोलन दोन शब्द."

कौशल्यानं बारीक सुई मागून घेतली, पाय पॅडलवरून काढला, नवरीचं कापड पुन्हा सुईखाली ठेवलं आणि चाक हातानं फिरवलं. एक टाका. थांबली, उलटं करून पाहिलं. दुसरा. तिसरा. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक दारातच उभं राहिलं. कटोरीचा बाक आला, जिथं कापड सर्वांत जास्त निसटतं. देवानंदनं डोळे मिटून घेतले. आवाज आला तो एकसारखा, बारीक. पाय आता पॅडलवर होता. त्यानं डोळे उघडले तेव्हा बाक वळून शिवण सरळ लागली होती. वर गुंता नाही, खाली गुंता नाही.

मग कौशल्या उठलीच नाही. दुसरी कटोरी झाली, पाठ जोडली, बाह्या लागल्या, एक उजवी आणि एक डावी. नितेशभाऊनं चहा मागवला; तो निवला. शेवटी तिनं दोरा दातानं तोडला, ब्लाउज झटकला आणि म्हणाली, "हे बांधून द्या."

परतीच्या गाडीत मशीनचं खोकं देवानंदच्या मांडीवर होतं. कौशल्या खिडकीशी बसून हूक लावत होती, म्हणजे चंदाला सांगितलेलं आता थोडंफार खरं झालं होतं. बोरगाव मागे पडलं तेव्हा त्याला धीर आला.

"अवं, त्या दुसऱ्या मशीनवर कापड टाकताना तुले भेव नाही वाटलं?"

कौशल्यानं तोंडातली टाचणी काढली.

"वाटलं नाही तं काय, म्हनून तं तुमच्या तोंडाकडे पाह्यलं नाही!"