भिवंडी: जिथे माझा वाढदिवस वाटून टाकला होता

"ताई, भिवंडीला बघण्यासारखं काय आहे हो?" असं दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. खरं सांगू का, कंटेनर आहेत. ठाण्याकडून गेलात तर कशेळीच्या पुलापासूनच दर्शन सुरू होतं, पूर्ण्यापर्यंत संपत नाही. तरीही मी भिवंडीबद्दल लिहिणार आहे, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात जळफळाटाचा प्रवास मी तिथेच केला. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पाचवीत होते.

माझे वडील, अण्णा, हाडाचे मास्तर. भिवंडीतल्या काही मंडळींनी निराधार मुलांसाठी वसतिगृह काढलं, तेव्हा एका वर्षासाठी म्हणून तिथे अधीक्षक झाले आणि तिथलेच होऊन बसले. आईची शाळा सिन्नरला, म्हणून आई आणि मी सिन्नरला. अण्णा महिन्यातून एकदा यायचे, शनिवारी संध्याकाळी टेकले की सोमवारी पहाटे गायब. आणि सोळा नोव्हेंबरला, म्हणजे माझ्या वाढदिवसाला, ते कध्धी आले नाहीत. इतर कुठलाही दिवस सांगा. सोळा नोव्हेंबर मात्र नाही.

त्या वर्षी सिन्नरच्या हायस्कुलात जागा निघाली. मुख्याध्यापकांनी आईला निरोप दिला, तुमच्या यजमानांसाठी ती राखून ठेवतो, फक्त लवकर कळवा. आईने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, "नीलू, या वेळी आपणच जाऊ. तुझा वाढदिवसही होईल आणि त्यांना विचारूनही होईल."

"काय विचारायचं?"

"घरी परत येता का, ते."

मी लगेच पिशवी भरायला घेतली. अण्णा घरी येणार, मग रोज येणार, मुलींच्या शाळेच्या फाटकाशी सायकल घेऊन उभे राहणार. शेजारच्या मंगलचे वडील राहायचे तसे. मंगलचा मला किती हेवा वाटायचा ते मंगललाच माहीत.

सोळा तारखेला सकाळी सिन्नरहून नाशिक आणि तिथून मुंबईकडे जाणारी लाल एसटी, आग्रा रोडने. ज्यांना या रस्त्याने जायचंय त्यांना आजही सांगते, कसारा घाटाच्या आधी पोटभर खाऊ नका. मी खाल्लं होतं. घाटात जे व्हायचं ते झालं. कंडक्टरने खालची वाळूची बादली पुढे सरकवली. शहापूरला गाडी थांबली तेव्हा आईने मला आल्याचा चहा पाजला. मी हट्टाने बटाटावडाही घेतला. पडघ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेतं, खळ्यांवर पेंढ्यांचे ढीग, हवेत त्या पेंढ्याचा गोडसर वास. आम्ही देशावरची बाजरी खाणारी माणसं. एवढं भात एका जागी मी पहिल्यांदाच पाहिलं.

भिवंडीत उतरलं की आधी कानाला कळतं. सगळं गाव खटॅक खटॅक करत असतं. प्रत्येक गल्लीत माग, प्रत्येक मागाचा ठेका वेगळा, आणि माणसं त्यावरून ओरडून बोलतात. आईने टांगेवाल्याला वसतिगृहाचा पत्ता सांगायला सुरुवात केली तर तो म्हणाला, "अण्णावाला? अण्णा के बच्चों का घर? बैठिए बहनजी."

अण्णा के बच्चे म्हणे. मी टांग्यात बसले, पण त्याच्याकडे पाठ करून.

घर गावाबाहेर, खारबावच्या रस्त्याला. पत्र्याची लांबच लांब शेड. आत शिरलो तर अंगणात दगडावर अण्णा बसलेले, हातात कात्री, दोन गुडघ्यांत एक काळासावळा मुलगा, आणि अण्णा गात होते. मी दहा वर्षं त्यांची मुलगी होते, मला माहीत नव्हतं की त्यांना गाता येतं. आम्हाला पाहून ते ताडकन उठले. चेहरा इतका फुलला की माझा राग जरा निवला. मग म्हणाले, "अरे वा, नीलू! थांब हं दोन मिनिटं, मल्लेशचं अर्धं डोकं राहिलंय." आणि खाली बसून त्याचे केस पुरे केले. आधी त्याचे.

मल्लेश माझ्याच वयाचा. तेलंगणातून मागावर काम करायला आलेल्या जोडप्याचा मुलगा. दोघंही वारल्यावर तो मागाच्या कारखान्यातच राहायचा. हे मला गोदूबाईंनी सांगितलं. गोदूबाई म्हणजे तिथल्या स्वयंपाकीणबाई, खारबावच्या. तांदूळ निवडता निवडता त्यांनी मला घराचा सगळा इतिहास ऐकवला.

"हितं आदी माग होते गो. ती भुईवर भोकं दिसतान ना, तिथं. पोरा मागाखालीच झोपायची, दिसभर कांड्यांवर सूत भरायची, मालक देल ता खायची. शेठ मेला, माग इकले, शेड रिकामी झाली. शेठाची बायको म्हनली, जी पोरा हितं झोपत होती त्यांनाच ऱ्हावू द्या. मग तुजा बाप आला. पयल्या दिशी पोरा झोपंनात, त्यांना आवाजाशिवाय झोप येत न्हवती. तुजा बाप रातभर पत्र्यावर काठी वाजवीत बसला."

"आमच्या घरी तर ते पंख्याचा आवाज झाला तरी चिडतात," मी म्हटलं. गोदूबाई हसल्या. मला हसायला येत नव्हतं.

संध्याकाळ होऊ लागली तशी अंगणात गडबड सुरू झाली. सडा पडला, रांगोळी निघाली, पाट मांडले गेले. मोठ्या पातेल्यात गुळाची लापशी शिजायला लागली. ताटात निरांजन, कुंकू, सुपारी. आम्ही येणार हे कळवलं नव्हतं, तरी अण्णांनी एवढी तयारी केली होती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी पटकन नवा परकर-पोलका घातला, वेणीला आईने अबोली माळली, आणि मी ऐटीत मधल्या पाटावर जाऊन बसले.

माझ्या डाव्या बाजूला एक मुलगा येऊन बसला. मग उजव्या बाजूला. मग आणखी. आठ-नऊ जण, तेल लावून भांग पाडलेले. मल्लेश माझ्या पाटाच्या कडेला टेकत म्हणाला, "सरक ना थोडी."

"तू कशाला इथे?"

"आज आपला वाढदिवस है ना." मग माझ्या अबोलीकडे बघून, "तुझा पण आजच? तुला पण अण्णांनी दिला?"

"मला कुणी दिला नाही. माझा खरा आहे."

गोदूबाई ताट घेऊन आल्या आणि मला समजावू लागल्या. "या पोरांचा खरा दिस कोनाला ठावूक न्हाय. म्हनून अण्णांनी ह्यो दिलाय. दर साली करताव."

तेव्हा सगळा उलगडा झाला. दर सोळा नोव्हेंबरला अण्णा इथे लापशी वाढत असायचे. माझा दिवस त्यांनी या पोरांना वाटून टाकला होता आणि वर तो साजरा करायला इथेच थांबत होते. मी ओवाळून घेतलं, पण लापशीला हात लावला नाही.

मल्लेशला मात्र चैन पडेना. "खरा म्हणजे कसा? तुला कुणी सांगितलं?"

"आईने. ती होती तिथे."

तो सरळ उठून आईकडे गेला. "आई, क्या हुआ था उस दिन?"

आई, म्हणे. मी दात चावले. पण आई खुलली. तिने सांगितलं की मी जन्मले तेव्हा रडेचना, सुईण घाबरली, तिने मला चुलीच्या उबेला धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, आणि मग मी असा गळा काढला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. मुलं हसून लोळली. "मग म्हैस सापडली?" "सापडली, नदीवर." "और?" "आणि काय, मग नीलू झोपली." एकेक करत सगळे आईभोवती येऊन बसले होते. मल्लेशने तर तिच्या पदराचं टोक धरलं होतं. गोष्ट संपल्यावर तो म्हणाला, "पुढच्या वाढदिवसाला येऊन परत सांगा हां. आपला सबका वहीच है ना."

म्हणजे दिवस गेला, अण्णा गेले, आता माझा जन्मसुद्धा त्यांचा. मी आतल्या खोलीत जाऊन रडले. आई आत आली नाही. बाहेर म्हशीची गोष्ट दुसऱ्यांदा चालली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णा सगळ्या पलटणीला घेऊन खारबावच्या खाडीवर निघाले. आम्हीही. गोदूबाईंच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. आमच्या घरात वर्षातून एकदा मटण, मासळीची मला सवय नाही, पण भूक आदल्या दिवसापासूनची होती. तुम्ही त्या बाजूला गेलात तर ती चटणी सोडू नका. मुलं चिखलात खेकडे धरत होती. मी बांधावरून अण्णांच्या बाजूने चालत होते. त्यांच्या दुसऱ्या हाताला अर्थातच मल्लेश होता. तो खेकड्यामागे धावला तेव्हा मी विचारून घेतलं.

"तुम्ही माझाच दिवस का दिलात?"

"शाळेत नाव घालायला तारीख लागते. कुणाची माहीत नसली की हेडमास्तर एक जून लावतात."

"लावू द्यायची."

"एक जून म्हणजे कुणाचाच दिवस नाही गं. मला वाटलं, एखादी खरी तारीख द्यावी. त्या दिवशी कुणीतरी जन्मलेलं असावं, कुणालातरी आनंद झालेला असावा. मला अशी एकच पाठ होती."

"मग तुमची द्यायची."

अण्णा हसले. "माझी एक जूनच आहे."

मला ते पटलं नाही. थोड्या वेळाने आई आणि अण्णा दोघंच बांधाच्या टोकाला गेले. मी लांबून बघत होते. आई बोलत होती, अण्णा मान हलवत होते. विचारलं तिने.  मी मल्लेशला सांगूनही टाकलं, "अण्णा आता आमच्या घरी येणार आहेत, कायमचे." तो खेकडा हातात धरून नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला बरं वाटलं.

दुपारची एसटी. अण्णा स्टँडवर आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. गाडी सुटली, पडघा मागे पडला. शेवटी मीच म्हटलं, "कधी येतो म्हणाले?"

"कोण?"

"अण्णा. विचारलंस ना?"

"नाही."

"मग बांधावर काय बोलत होतीस?"

"त्यांना तुझ्या फ्रॉकांची मापं सांगत होते, कापड पाठवायला."

 मी म्हटलं, "तू विचारायलाच आली होतीस."

"हो."

"ते नाही म्हणाले असते का?"

आईने खिडकीची काच खाली ओढली. "नीलू, मी विचारलं असतं तर ते आले असते. हेच तर."

सिन्नरला पोचलो. सोमवारी शाळेत जाताना अण्णा येणार नाहीत असं आईने मुख्याध्यापकांना कळवून टाकलं. अण्णा निवृत्त होईपर्यंत भिवंडीतच राहिले. सोळा नोव्हेंबरला आम्ही पुन्हा कधी तिथे गेलो नाही, मी जाऊच दिलं नाही. आता तिथे जाऊ नका, दाखवायला काही उरलेलं नाही. शेडच्या जागी गोदाम आहे, आणि खारबावला रेल्वे थांबते.

त्या पोरांनी माझे वडील पळवले, असं मी पन्नास वर्षं म्हणत आले. लिहिता लिहिता लक्षात येतंय, पळवले कुणी नव्हते. आईने पदरचे दिले होते. तिचा नवरा होता, तिला तो हक्क होता. पण ते माझेही होते, आणि देताना मला कुणी विचारलं नाही.