मनाई कोणाची नव्हती

नवऱ्याची रेल्वेतली बदली भुसावळहून जयपूरला झाली, तेव्हा आम्ही प्रताप नगरात घर भाड्याने घेतलं. मुलगी शाळेत गेली की घर खायला उठायचं. म्हणून जवळच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी दुपारी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवू लागले.

एकदा 'फॉरबिड' हे क्रियापद घेतलं. सांगितलं, "प्रोहिबिट सहसा पाटीवर दिसतं, दवाखान्यात, स्टेशनात. फॉरबिड म्हणजे माणसाने माणसाला मनाई करणं. फॉरबिडच्या पुढे आधी ज्याला मनाई केली तो माणूस, मग 'टू'. आता आपापल्या घरातलं एकेक वाक्य करा."

हशा सुरू झाला. कोणाची सासू टीव्ही लावू देत नव्हती, कोणाचं तूप डॉक्टरांनी बंद केलं होतं. मागच्या बाकावर पंचविशीतली एक सून बसायची. ती काहीच बोलेना.

"जमत नाही का?" मी विचारलं.

"जमतंय, मॅडमजी. पण खोटं होईल," ती हिंदीत म्हणाली. "मला घरी कोणी मना करत नाही. मी काही म्हटलं की फक्त विचारतात, जरूरत क्या है?"

याला फॉरबिड लागू होत नव्हतं; मी पुढचं क्रियापद घेतलं.

क्लास सुटल्यावर ती थांबली. तिचं बी.एड. झालं होतं. कॉलनीतल्या शाळेत नर्सरीसाठी बाई हव्या होत्या. "घरी विचारलं की तेच म्हणतील," ती म्हणाली. "आणि गरज तर खरंच नाहीये."

"मग तसंच सांग," मी म्हटलं. "गरज नाही, पण मन आहे."

आठवड्याने ती पेढे घेऊन आली; शाळेत नोकरी लागली होती. घरी जेवताना तिने हे वाक्य म्हटलं होतं. सासूने फक्त विचारलं, "शाळा सुटते किती वाजता?" सुनेच्या लेखी तोच होकार होता. मला माझीच लेक पास झाल्यासारखं वाटलं.

शाळेमुळे तिचं क्लासला येणं बंद झालं. एक विद्यार्थिनी कमी का झाली, म्हणून कोचिंगच्या मालकाने मला विचारलं. नोकरी लागली, म्हटल्यावर त्याने ते लगेच क्लासची जाहिरात म्हणून बाहेरच्या बोर्डावर रंगवून घेतलं.