जर्मनीतल्या बापाची बहीण

१९९५च्या डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी बारामतीतल्या एका शाळेच्या सभागृहात जर्मनीत तयार झालेला एक चित्रपट दाखवण्यात आला. मजुरीसाठी तुर्कस्तानातून तिकडे गेलेल्या आणि तिथेच राहून गेलेल्या एका कुटुंबातल्या तंट्याची ती गोष्ट होती. पुढच्या गुरुवारी त्याचे मी लिहिलेले परीक्षण पुण्याच्या एका दैनिकाच्या जिल्हा पानावर छापून आले. त्या दैनिकाचा मी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा बातमीदार होतो. परीक्षणात एक चूक होती. खेळानंतर नऊ दिवसांनी ती उघड झाली.

चित्रपट दाखवणारे मंडळ लहान होते. महिन्यातून एकदा पुण्याहून रिळांचे डबे एस.टी.ने येत आणि संध्याकाळी परत जात. या चित्रपटाला इंग्रजी अक्षरेही नव्हती. पात्रे तुर्की बोलत, खाली जर्मन अक्षरे येत. डब्यासोबत संवादांचे इंग्रजी टंकलिखित कागद आले होते. मंडळाचे चिटणीस कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. ते पडद्याच्या बाजूला खुर्ची टाकून, हातात माईक आणि विजेरी घेऊन बसत आणि कागदावरचे संवाद मराठीत सांगत. गावाकडच्या प्रेक्षकांना समजावे म्हणून थोडे स्वतःचे घालत. त्यांना सगळे सर म्हणत.

त्या दिवशी माझ्यासोबत तात्या होते. सांगवीत मी त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत असे. तात्या साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर नोकरीला होते. त्यांच्या वडिलांच्या काळापर्यंत घरात मेंढरे होती. हिवाळ्यात वडील कळप घेऊन कोकणात उतरत. तेव्हा लहानग्या तात्यांना थोरल्या बहिणीने सांभाळले होते. ती बहीण, म्हणजे आक्का, पुढे इंदापूर तालुक्यात वरकुट्याला दिली. तात्यांना मुलगी झाली तेव्हा बारशातच त्यांनी आक्कांना शब्द दिला होता की, ही तुमच्या घरात येईल. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. मुलगी आता वीस वर्षांची होती, बारामतीत डी.एड. करत होती आणि दिवाळीत तिने आत्याच्या मुलाशी लग्न करणार नाही असे सांगितले होते. तेव्हापासून घरात बोलणे कमी झाले होते. आक्कांचे दोन निरोप येऊन गेले होते. तात्यांनी उत्तर पाठवले नव्हते.

रविवारी सकाळी मी निघताना त्यांनी विचारले, "कशाचा पिक्चर हाय?"

"बाप लग्न ठरवतो. मुलगी नाही म्हणते."

तात्या आत गेले आणि टोपी घालून बाहेर आले. म्हणाले, "पाळी चार वाजता हाय. तवर येतो."

सरांनी सांगितलेली गोष्ट अशी होती. बाप मोटारींच्या कारखान्यात वेल्डर आहे. गावाकडे बहिणीला त्याने शब्द दिला आहे की, मुलगी तिच्या मुलाला देईन. मुलगी बेकरीत काम करते. ती नकार देते आणि घर सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेते. गावाहून बहिणीचे फोन येतात. पलीकडचा आवाज ऐकू येत नाही. बाप फक्त ऐकतो आणि अधूनमधून हुंकार देतो. अशा वेळी सर माईकवर म्हणाले, "तिकडे बहीण रडते आहे." शेवटी बाप बर्फात मुलीच्या इमारतीखाली उभा राहतो. बोट घंटीजवळ जाते. चित्रपट संपतो. बोट घंटीवर पडले की नाही, हे दाखवलेले नाही.

दिवे लागल्यावर चर्चा ठेवण्याची मंडळाची पद्धत होती. सरांनी दिग्दर्शनाबद्दल बोला असे सांगितले. पहिल्या रांगेतले फेटेवाले गृहस्थ उठले.

"बहिणीला शब्द दिलाय ना? मंग बोलायचं काय ऱ्हायलं?"

मागून एक परिचारिका म्हणाली, "शब्द बापानं दिला आणि नांदायचं पोरीनं. हे कुठलं?"

"आवो बाई, ती बहीण फोनवर रडती तिकडं."

"तुम्हाला ऐकू आलं का रडताना?"

"सरांनी सांगितलं की!"

सभागृह हसले. सर म्हणाले, "कॅमेऱ्याबद्दल कुणी बोला."

"क्यामेरा झ्याक हाय," एक जण म्हणाला. "पर बाप यवढा येळ बर्फात हुबा, त्याला कुणी चा बी इचारला न्हाय."

पाऊण तास अशी चर्चा झाली. ती चित्रपटावरची चर्चा होती की भावकीची बैठक, हे मला माझ्या टिपणांवरून आजही ठरवता येत नाही. मुलीचे मामा कुठे आहेत, मध्यस्थी कुणी का केली नाही, असे प्रश्न विचारले गेले. शेवटी फेटेवाल्यांनी मुलीच्या विरुद्ध निकाल दिला. परिचारिकेने तो मान्य नसल्याचे सांगितले.

परतताना माळेगावच्या बाजूला निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांमुळे मला गाडी सावकाश चालवावी लागली. मागे बसलेले तात्या म्हणाले, "त्या बापाचं चुकलं."

"काय चुकलं?"

"चुकलं."

गुरुवारी परीक्षण आले. त्यात मी बहिणीबद्दल एक परिच्छेद लिहिला होता. ती एकदाही पडद्यावर येत नाही, तरी प्रत्येक प्रसंगात हजर असते. भाऊ-बहिणीच्या नात्याचा इतका संयत वेध क्वचित पाहायला मिळतो, असे त्यात होते. बारामतीच्या एका साप्ताहिकानेही बहिणीचीच बाजू उचलली आणि परदेशात राहूनही नाती जपणाऱ्या समाजाचे कौतुक केले. परिचारिकेने त्या साप्ताहिकाला पत्र पाठवून बहीण स्वार्थी असल्याचे कळवले. तेही छापले गेले.

परीक्षण आले त्याच गुरुवारी दुपारी तात्यांची मुलगी कात्रण हातात घेऊन खोलीच्या दाराशी आली.

"दादा, शेवट लिहिलाच नाही तुम्ही."

"शेवट दाखवला नाही."

"मग तात्यांनी काय बघितलं? रविवारपासून गप्प आहेत. काल बारामतीहून साडी आणली. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी वरकुट्याला जाणार म्हणतात."

"साडी आत्यांना?"

"हो. खण-नारळ पण."

आमच्याकडे बहिणीच्या दारात लग्नाची बोलणी पक्की करायला जाताना साडी-चोळी नेतात. शब्द मोडून माफी मागायला जातानाही साडी-चोळीच नेतात. तिने आईला, म्हणजे काकूंना, विचारले होते. आईलाही माहीत नव्हते. तिने मला विचारले की, चित्रपट मुलीच्या बाजूचा होता की बापाच्या. मी परीक्षण पुन्हा वाचले. मला त्यातून उत्तर मिळाले नाही.

पुढच्या मंगळवारी पुण्याच्या दुसऱ्या एका दैनिकात तिथल्या समीक्षकाचे सदर आले. त्यांनी हा चित्रपट आधी एका महोत्सवात पाहिला होता. बारामतीच्या परीक्षणात ज्या बहिणीची स्तुती आहे ती बहीण कुठली, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दुपारी आमच्या कचेरीतून फोन आला. उपसंपादक म्हणाले, "बहीण आहे की नाही, ते दोन दिवसांत कळव."

बुधवारी मी सरांच्या घरी गेलो. संवादांच्या कागदांची एक प्रत त्यांनी ठेवली होती. आम्ही दोघांनी ती पहिल्यापासून वाचली. बापाने शब्द दिला होता तो थोरल्या भावाला. मुलगी भावाच्या मुलाला द्यायची ठरली होती. फोन भावाचे होते. बहिणीचा उल्लेख कुठेही नव्हता.

"हे तुम्ही बदललं?"

"चुलत भावाशी लग्न," सर म्हणाले. "त्यांच्यात होतं. आपल्याकडे माईकवर सांगितलं असतं तर दहाव्या मिनिटाला सभागृह रिकामं. सख्ख्या चुलत्याचं पोर म्हणजे भाऊ. मग बाप वेडा ठरतो आणि पिक्चर तिथंच संपतो. आत्याचा मुलगा म्हटल्यावर लोक दोन तास बसले की नाही?"

"आणि रडणं?"

"बहीण म्हटल्यावर रडणं आलंच."

त्यांनी चहा मागवला. बदल फार मोठा नाही, असे ते दोनदा म्हणाले. शब्द दिला होता हे खरे, मुलगी नाही म्हणाली हे खरे, बाप बर्फात उभा राहिला हेही खरे. मला त्यांच्या म्हणण्यातली चूक दाखवता आली नाही आणि ते पटलेही नाही.

मी चार ओळींचा खुलासा लिहून पाठवला. तो शनिवारी येणार होता. तात्या माझे सगळे छापलेले वाचत. रविवारी त्यांना वरकुट्याला जायचे होते. त्यामुळे शुक्रवारी सकाळी ते ओट्यावर दाढी करत असताना मी त्यांना सांगितले.

"चुलत भाऊ?" तात्यांनी वस्तरा खाली ठेवला. "म्हंजे भाऊच की."

"त्यांच्यात चालतं."

"चालत आसंल. मंग पोरगी निघून गेली त्ये बराबर केलं."

काकू आतून म्हणाल्या, "आता बराबर व्हय? धा-बारा दिस त्या बापासाठी हळहळत हुता."

तात्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. "आन् बहिणीचं काय झालं मंग?"

"बहीण नाही, तात्या. त्या माणसाला बहीणच नाही. फोनवर भाऊ होता."

"मंग रडत कोण हुतं?"

"कुणी नाही. ते सरांनी सांगितलं."

एका गालाला साबण तसाच होता. "मी तिचाच इचार करतोय त्या रविवारपासून," ते म्हणाले. "ती तितं फोन धरून बसली आसंल. भाऊ निस्ता हं हं करतोय. ना व्हय, ना न्हाय. त्यानं जायाला पायजे हुतं. पोरीच्या दारात न्हाय, बहिणीच्या दारात. त्येच चुकलं त्याचं."

"जाऊन काय सांगायचं होतं?"

"त्ये तिच्या म्होरं बसल्याबिगर कसं कळंल?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पर तुमी तर म्हणताय बहीणच न्हाय. मंग मी कशाच्या जिवावर निघालोय?"

काकू दारात आल्या. "तुमची हाय की बहीण. का ती बी सरांनीच सांगितली?"

तात्या हसले नाहीत. वस्तरा उचलून त्यांनी दाढी पुरी केली. मुलगी पाण्याची घागर घेऊन अंगणातून आत गेली. तिने हे सगळे ऐकले होते.

शनिवारी खुलासा छापून आला. मूळ चित्रपटात वडिलांनी शब्द बहिणीला नव्हे तर थोरल्या भावाला दिला आहे, असे त्यात होते. त्यावर एकही पत्र आले नाही. फेटेवाले गृहस्थ बाजारात भेटले तेव्हा म्हणाले की पेपरवाल्यांना कुणीतरी फसवले असणार, त्यांनी स्वतः बहिणीचे रडणे पाहिले आहे.

रविवारी सकाळी तात्या साडीची पिशवी घेऊन बारामती-इंदापूर गाडीने गेले आणि फाट्यावर उतरले. एवढे कंडक्टरने सांगितले. संध्याकाळी ते परतले तेव्हा पिशवी हातात नव्हती. वरकुट्यात काय बोलणे झाले याची मला तीन उत्तरे मिळाली. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे आक्कांनी त्यांना दुपारपर्यंत पाणीही विचारले नाही. आक्कांच्या शेजाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे भाऊ-बहीण गोठ्यापाशी बसून रडत होते आणि नंतर दोघांनी एका ताटात भाकरी खाल्ली. मी तात्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मकंला पाणी कमी पडतंय त्यांच्या. त्येच बोललो." तिघांपैकी एकाचेही म्हणणे मला पडताळता आले नाही. मुलीला मी विचारले नाही. ती सोमवारी नेहमीच्या गाडीने कॉलेजला गेली.

मे महिन्यात वरकुट्यात आक्कांच्या मुलाचे लग्न झाले. नवरी सांगोल्याच्या बाजूची होती. मंगलाष्टका चालू असताना नवरदेवाच्या मागे मामा म्हणून तात्या उभे होते. त्यांची मुलगी त्या दिवशी बारामतीत परीक्षेला बसली होती.