वरीलप्रमाणे

धुक्यानं सकाळ इतकी ओली केली होती की दोरीवरच्या चादरी वाळायच्या सोडून आणखी जड झाल्या होत्या. इस्त्रीनं एकीचं टोक पिळलं, पाणी ठिबकलं, तशी आभाळाला दोन शिव्या हासडून तिनं सगळा गठ्ठा पुन्हा आत ओढला. रुग्णालयाच्या धुलाईघरात तिची एकोणीस वर्षं गेली होती. इस्त्री हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. कपड्यांना इस्त्री करते म्हणूनही ते पडलं नव्हतं; समोरच्याच्या सुरकुत्या बोलण्यानं काढते म्हणून पडलं होतं.

पण महिन्यापूर्वी मुकादमानं तिच्याच सेवापुस्तकात सुरकुती पाडून ठेवली होती. 'आजारपणाचे सोंग करून चार दिवस गैरहजर. सक्त ताकीद.' ती ओळ आठवली की तिच्या अंगाची लाही व्हायची. त्या चार दिवसांत ती तापानं भाजत होती. आपला आजार इतरांना नको म्हणून स्वतःला खोलीत कोंडून पडली होती, नवरा दाराबाहेर ताट ठेवून मागं सरायचा. तपासणीसाठी मुकादमाची चिठ्ठी लागायची. फोन केला तर तो म्हणाला, "लस टोचून घेतलीस ना? मग कसला आजार? सोंगं पुरे कर." चिठ्ठी दिलीच नाही. म्हणजे पुरावा द्यायचा यानं नाही, आणि नाही म्हणून ताकीदही द्यायची यानंच!

चादरी यंत्रात कोंबून होताहेत तोच डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. लशीनं रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी किती टिकतात हे पाहायला त्या दर तीन महिन्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त घेत.

घड्या घालणारी धाकटी बाई आधी पुढे झाली. "बाई, माझा आकडा?"

"पहिल्याच्या पाव राहिलाय."

"अगं बाई! म्हणजे मी आता पावशेर माणूस?"

"सगळ्यांचाच उतरतो. आकडा उतरला म्हणून बळ संपत नाही, शरीर शत्रूची ओळख धरून असतं." मग त्या इस्त्रीकडे वळल्या. "मावशी, तुमचा मात्र चौपट चढलाय. रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असणार. तुमचं नाव यादीतून काढावं लागेल."

"माझं रक्त खोटं?"

"तसं नाही हो. पण मध्ये ताप आला नाही, असं तुमच्याच फॉर्मवर आहे."

इस्त्रीनं कागद ओढून घेतला. मुकादमाचं अक्षर. पहिल्या ओळीत धाकटीचं नाव, वय चौतीस, ताप नाही. खाली दहाजणींपुढे, प्रत्येक रकान्यात, एकच शब्द: वरीलप्रमाणे.

"मीही चौतीसची? माझा थोरला तीस वर्षांचा आहे! चौथ्या वर्षी बाळंतीण झाले काय मी?"

धाकटी फस्सकन हसली. इस्त्री हसली नाही. तिनं चार दिवसांची सगळी हकीकत एका दमात सांगितली.

डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. "तिसरा डोस घेतलाय? त्यानंही आकडा चढतो."

"आमचा नंबर लागलाय कुठं!"

"मग तुम्हाला आजार गाठून गेला असणार. आपल्या लशीनं जी अँटीबॉडी येत नाही, फक्त आजारानं येते, ती तपासू. पण फॉर्म नीट न वाचता मी तुम्हाला खोडायला निघाले. चुकलं माझं."

"पुन्हा घ्या रक्त," इस्त्रीनं बाही वर सारली. "आणि नळीवर नाव माझ्या डोळ्यांदेखत चिकटवा."

तिसऱ्या दिवशी निकाल आला. आजार होऊन गेला होता. डॉक्टरीणबाईंनी सहीनिशी तसं पत्र दिलं. इस्त्रीनं ते मुकादमाच्या टेबलावर आपटलं.

"लस घेतलेल्याला होतो, हे मला काय माहीत?" मुकादम पुटपुटला.

"माहीत नव्हतं, तर विचारायचं. सोंग लिहायचं बरं ठाऊक होतं!"

"ठेव इथं. वरिष्ठांना विचारून बघतो पुढच्या महिन्यात."

"खोटं लिहायला कुणाला विचारलं होतंत, मुकादम? एका ओळीला महिना लागतो होय? मी उभी आहे."

ती खरंच उभी राहिली. दारात धाकटी आली, मग आणखी दोघी आल्या. शेवटी मुकादमानं सेवापुस्तक काढलं, ओळीवर आडवी रेघ मारली आणि लिहिलं: 'आजार खरा होता. ताकीद रद्द.' सही करताना त्यानं मान वर केली नाही. 'चुकलो' हा शब्द त्याच्या तोंडून शेवटपर्यंत निघाला नाही.

"या बाकीच्यांना ताप आला होता का, ते कधी विचारणार?" इस्त्रीनं विचारलं. दारातल्या दोघींपैकी एकीनं मान खाली घातली.

मुकादम सेवापुस्तक कपाटात ठेवायला वळला.

"नका विचारू. मीच विचारते एकेकीला आणि बाईंना सांगते."

ती परत आली तेव्हा यंत्र थांबून बराच वेळ झाला होता. आतल्या रुग्णांच्या डगल्यांच्या नाड्या एकमेकींत पार गुंतल्या होत्या. धुसफुसतच तिनं स्टूल ओढलं आणि ओल्या गाठी सोडवायला बसली.