गाठोड्यातला वर्ल्ड कप

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी एकच नाव सांगतो : हरेश्वर मेहेर, राहणार मुरबे. बोईसरच्या आमच्या कारखान्यात त्यांना सगळे सारंगकाका म्हणत. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. अर्धं आयुष्य मालवाहू जहाजांवर काढून ते घरी परतले आणि आमच्याकडे स्टोअर सांभाळायला लागले. यंदा नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा, हेमाताईंचा, फोन आला. बाबा गेले, म्हणाल्या. सकाळी ओट्यावर बसले होते, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत... मी तेव्हा वापीला, माझ्या लॅबमध्ये होतो. फोन ठेवून मी हातातलं काम पुरं केलं, कारण नमुना तापत ठेवलेला होता आणि तो मध्येच सोडता येत नाही. मग बाहेर येऊन बसलो. त्याला आता पाच आठवडे झाले.

मी वाणगावच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यातला. घरात माझ्याआधी कोणी दहावीपर्यंतही गेलं नव्हतं. पालघरला राहून मी बी.एस्सी. झालो आणि बोईसरच्या रसायनांच्या कारखान्यात लॅबमध्ये हेल्पर म्हणून लागलो. काचेची भांडी धुवायची, प्लँटमधून नमुने आणायचे. पदवी होती, पण साहेबांसमोर इंग्रजीत एक वाक्य बोलायची वेळ आली की मी नमुन्याची बाटली पुढे करून मागे सरकायचो. सारंगकाकांनी हे पहिल्या महिन्यातच ओळखलं. ते मराठी चौथी शिकलेले, इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बोलायचे बिनधास्त, जहाजावरचं मोडकंतोडकं. मला म्हणाले, “घाबरतोस कशाला? त्या लोकांना पन दर्यात उलट्या होतात. मी बादल्या धरल्यात.” तेव्हापासून ते मला ‘ग्रॅजवेट’ म्हणायला लागले. त्यात थोडी थट्टा असायची आणि थोडा अभिमानही.

त्यांचं रग्बीचं वेड आम्हाला आधी कळत नसे. आमच्या तालुक्यात लोक क्रिकेट खेळतात, कबड्डी खेळतात. अंड्यासारखा चेंडू बगलेत मारून पळणारी माणसं कोणी पाहिली नव्हती. सारंगकाकांनी मात्र न्यूझीलंडच्या बंदरात जहाज अडकून पडलं असताना तिथल्या गोदी कामगारांबरोबर जाऊन हा खेळ पाहिला होता. सामन्याआधी त्यांची टीम मांड्या बडवत, जीभ बाहेर काढून नाचते, हे ते उभं राहून करून दाखवत. आमच्या होळीच्या नाचात ती पंधरा माणसं सोडा, कोन आपलं कोन परकं कळनार नाय, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून त्यांची टीम न्यूझीलंड. कारखान्यात त्यांना या बाबतीत एकच जोडीदार होता, तो म्हणजे आमचे प्लँट मॅनेजर कूपरसाहेब. डहाणूकडचे पारशी, शाळेत असताना स्वतः रग्बी खेळलेले. त्यांना शिकवणारे मास्तर वेल्सचे होते, म्हणून साहेबांची टीम वेल्स. तिसरे होते बॉयलरवरचे यादवजी. त्यांनी हा खेळ जन्मात पाहिला नव्हता, तरी ते दर वेळी ठामपणे सांगत, “देखो भाई, जिसका वजन ज़्यादा, वही जीतेगा.”

एक्क्याण्णव साली इंग्लंड आणि आसपासच्या देशांत रग्बीचा वर्ल्ड कप झाला. आमच्या मराठी पेपरात त्याची ओळही आली नाही. पण काकांचा पुतण्या जहाजावर होता आणि त्याचं जहाज तेव्हा तिकडच्याच बंदरांत फिरत होतं. त्यानं सामन्यांच्या बातम्यांचे सगळे पेपर जमवले आणि डिसेंबरात सुट्टीवर आला तेव्हा गाठोडं करून काकांच्या हवाली केले. मग जे झालं ते बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. जगात वर्ल्ड कप संपून गेला होता, पण बोईसरमध्ये तो सुरू व्हायचा होता. काकांनी ते पेपर न उघडता तारखेप्रमाणे लावून घेतले, शिडाच्या कापडात गुंडाळून जाळ्याच्या दोऱ्यानं बांधले आणि स्टोअरच्या कपाटात ठेवले. दर शनिवारी दुपारच्या चहाला एक पेपर सोडायचा. सोडण्याआधी प्रत्येकानं सांगायचं, कोण जिंकणार आणि का. मग ग्रॅजवेटनं मोठ्यानं वाचायचं. कूपरसाहेबांकडे इंग्रजी पेपर यायचा, म्हणून पुतण्या पेपर जमवतोय हे कळल्यावर त्यांनी ऑक्टोबरपासूनच बायकोला सांगून ठेवलं होतं की शेवटचं, खेळाचं पान आधी फाडायचं आणि मग पेपर हातात द्यायचा.

पहिल्या शनिवारी मी वाचताना इतका अडखळलो की यादवजी हसले. साहेब हसले नाहीत, त्याची मला जास्त लाज वाटली. त्याच सुमाराला लॅबमध्ये केमिस्टची एक जागा निघणार होती आणि निवड साहेब करणार होते. दुसरे दोघं मुंबईच्या कॉलेजांतले होते, फाडफाड बोलणारे. मी हेल्परचा हेल्पर राहतो की केमिस्ट होतो, हे फेब्रुवारीत ठरणार होतं. घरी धाकटी भावंडं शिकत होती आणि माझ्या शिकण्याचं पुढे काय होतं, याकडे सगळा पाडा बघत होता. म्हणून मी ठरवलं की पुढचा पेपर आधी वाचून, शब्दकोशात शब्द पाहून तयारी करायची. मी डबा स्टोअरमध्येच खायचो, त्या वेळी काका कँटीनला गेलेले असत. मी गाठोडं सोडलं, शनिवारचा पेपर वाचला, अवघड शब्द हातावर लिहून घेतले आणि गाठोडं परत बांधून ठेवलं.

यात मला तेव्हा काही गैर वाटलं नव्हतं. वाटलं ते शनिवारी, जेव्हा साहेबांनी वाचण्याआधी नेहमीप्रमाणे विचारलं, आज कोण? सामना वेल्स आणि वेस्टर्न सामोआचा होता, तोही वेल्सच्याच मैदानावर. यादवजींनी विचारलं, “ये सामोआ कौन सा गाँव है?” साहेब वेल्स म्हणाले, काकासुद्धा वेल्स म्हणाले. माझी पाळी आली. मला माहीत आहे, असं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, सामोआ. का, तर बेटावरची माणसं, अंगावर येणाऱ्याला खाली पाडण्यात पटाईत, आणि वेल्सनं त्यांना हलकं धरलंय. ही कारणं पेपरच्या वार्ताहराची होती. मी पेपर उघडला, न अडखळता वाचला, आणि वेल्स हरलं होतं. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. स्वतःच्या टीमविरुद्ध, स्वतःच्या मॅनेजरसमोर बोललेला माणूस त्यांना आवडला असावा. त्यानंतर दर शनिवारी ते माझा अंदाज शेवटी घ्यायचे आणि दर शनिवारी तो बरोबर यायचा. उपांत्य सामन्यात न्यूझीलंड ऑस्ट्रेलियाकडून हरणार, हेही मी सांगितलं. काका त्या दिवशी चहा न पिता उठले. मला वाटलं, टीम हरली म्हणून.

फायनलच्या शनिवारच्या दोन दिवस आधी काकांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. गाठोडं टेबलावर होतं, आणि शेजारी मागच्या शनिवारी त्यांनी गाठीसकट कापून ठेवलेला दोरा. फायनलचा पेपर मी तोवर वाचला नव्हता.

“ही गाठ माझी नाय,” ते म्हणाले. “ही भाऱ्याची गाठ. डोंगराकडं गवताला मारतात ती. आमच्यात कोन अशी मारत नाय. दुसऱ्या शनिवारपासनं बगतोय मी.”

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गाठ म्हटली की माझे हात लहानपणापासून तीच मारत आलेले. वाचताना अडखळायला नको म्हणून वाचत होतो, एवढंच मी कसंबसं बोललो.

“वाचलास त्याचा राग नाय. वाचायलाच दिलेला. पन वाचलाय असा सांगायचा होता. उद्या लॅबमदी न बगता आकडा लिवशील काय?”

मी विचारलं, साहेबांना सांगणार का. ते म्हणाले, “मी तुजा बाप नाय न पोलीस पन नाय. साहेबाला सांगायचं काम तुजं.” त्यांनी फायनलचा पेपर काढला, बगलेत मारला आणि म्हणाले, “हा घरी नेतो. परवा डोक्यातनं काय निगतं बगू.”

त्या शनिवारी काका म्हणाले ऑस्ट्रेलिया, कारण आमच्यांना ज्यानं पाडलं तो साधा नसणार. साहेबही ऑस्ट्रेलिया म्हणाले. यादवजींनी वजन पाहून इंग्लंड घेतलं. मी दोन रात्री विचार करून आलो होतो. मीही इंग्लंड म्हणालो. त्यांचे पुढचे गडी जड आहेत, मैदान घरचं आहे, आणि ज्या खेळावर ते फायनलला आले तो खेळ ते आता बदलणार नाहीत, असं मी सांगितलं. काकांनी पेपर माझ्या हातात दिला. मी चाचपडत, थांबत वाचला. इंग्लंडनं नेमका आपला खेळ बदलला होता आणि ते हरले होते. यादवजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चलो, हम दोनों डूबे.” माझी जागा गेली, असं मी धरून चाललो.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून लॅबची जागा मला दिल्याचं सांगितलं. का दिली ते सांगितलं नाही. मी निघताना त्यांनी एवढंच विचारलं, “फायनल चुकलास. पण सामोआ कसं ओळखलंस?” सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, “अंदाज होता, सर.” काकांना मी पेढे दिले. साहेबांना सांगितलंस का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मला ते सोयीचं झालं.

पंच्याण्णवच्या वर्ल्ड कपपर्यंत साहेबांच्या बंगल्यावर केबल आली होती. आम्ही फायनल थेट पाहिली. काकांना ते फारसं रुचलं नाही, टीव्ही माणसाला बोलायला टायमच देत नाय, म्हणाले. त्या वर्षी कोणी मला अंदाज विचारला की मी विषय बदलायचो. पुढे साहेब निवृत्त होऊन डहाणूला चिकूच्या वाडीत राहायला गेले, मी वापीला आलो. मुरब्याला वर्षातून एकदा जायचो. काका बंदरावर घेऊन जायचे, सुकट बांधून द्यायचे, आणि मी साहेबांचा विषय न काढता परत यायचो.

यंदा मे महिन्यात माझ्या हाताखालच्या एका केमिस्टनं मोजणी न करताच वहीत आकडा लिहिला. त्याला बोलायला गेलो आणि काकांचा तो आकड्याचा प्रश्न आठवून वही तशीच परत दिली. त्या रविवारी मी दोन पत्रं लिहिली. एक डहाणूला, एक मुरब्याला. दोन्हीकडून उत्तर आलं नाही. काकांच्या बाराव्याला गेलो तेव्हा हेमाताई म्हणाल्या, पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घरात सांगितलं, “ग्रॅजवेट येनार हाय पावसानंतर.” एवढंच. पत्राचा कच्चा मसुदा माझ्याकडे आहे, तोच खाली देतो.

ती. सारंगकाकांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला एक काम सांगितलं होतं. ते मी सव्वासात वर्षं केलं नाही. साहेबांनी मला समोर बसवून विचारलं होतं, सामोआ कसं ओळखलंस. मी खोटं बोललो. हे तुम्हाला माहीत नव्हतं, किंवा कदाचित होतं. आज साहेबांना सगळं लिहून पत्र टाकलं आहे. ते काय म्हणतील ते म्हणोत. त्यांनी तोंड पाहणार नाही म्हटलं तरी ते बरोबरच असेल.

तुम्ही त्या वेळी साहेबांना सांगितलं असतं तर मी आज पाड्यावर असतो. तुम्ही गप्प राहिलात, आणि वर फायनलचा पेपर घरी नेऊन मला एकदा तरी खरं बोलायला लावलंत. त्या सगळ्या शनिवारांत माझं स्वतःचं असं ते एकच उत्तर होतं, आणि ते चुकलं. लॅबमध्ये आकडा लिहिताना मला ते आठवतं. जिंकलेले सामने आठवत नाहीत.

तब्येतीला जपा. ओट्यावर उन्हात फार बसू नका. पाऊस संपला की मुरब्याला येतो. यंदा पुन्हा वर्ल्ड कप आहे, या वेळी तुमच्याशी वाद घालायचा आहे. कोण जिंकणार, मला खरंच माहीत नाही.

आपला,
रमेश