मॅलकीची पोरं कोण पळवतंय?

मॅलकी टूहीला कुणी "आज हवा बरी आहे" म्हटलं, तरी तो आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा, मग आभाळाकडे. आमच्या किलकोरन गावात त्याच्याइतका संशयी माणूस दुसरा नव्हता, आणि त्याच्यावर संशय घेणारी माणसंही काही कमी नव्हती.

त्याचा धंदा गायींना कृत्रिम रेतन करण्याचा. सकाळी नळ्यांचा थंड डबा गाडीत टाकायचा आणि फोन येईल त्या गोठ्यावर जायचं. त्यामुळे काउंटीतला, म्हणजे आमच्या जिल्ह्यातला, एकेक गोठा, तिथलं कुत्रं, आणि गोठ्यामागे हर्ली, म्हणजे हर्लिंग खेळायची चपटी काठी, घेऊन भिंतीवर चेंडू बडवणारं पोर त्याला ठाऊक होतं. काउंटीच्या हर्लिंग मंडळाने सोळा वर्षांखालची पोरं घडवायचं काम त्याच्यावर टाकलं ते यामुळेच. आमच्या काउंटीचा सीनियर संघ कित्येक वर्षं अर्ध्या उन्हाळ्यातच स्पर्धेतून बाद होऊन घरी बसत होता. खालून चांगली पोरं आली तर काही आशा, हे सगळ्यांना पटलं होतं. ती पोरं मॅलकीने निवडावीत, हे मात्र कुणालाच पटलं नव्हतं. बाकीची गावं म्हणाली, हा किलकोरनचीच भरणार. म्हणून पहिल्या वर्षी त्याने किलकोरनचं एकही पोर घेतलं नाही. मग किलकोरनमध्ये लोक विचारू लागले, याला फितवलं तरी कुणी?

माझं खताचं आणि जनावरांच्या खाद्याचं दुकान. निवडीला मीही त्याच्याबरोबर असायचो, कारण मी फार बोलत नाही असा त्याचा समज होता. एकदा सकाळी तो दुकानात आला आणि आत आल्याबरोबर दार लावून घेतलं.

"मॉसी, आत कोण आहे?"

"तू, मी आणि मांजर."

"हॅकेटच्या गोठ्यामागे एक पोरगं आहे. रूअरी. डावीकडून, उजवीकडून, सारखाच मारतो. भिंतीवरून आलेला चेंडू हर्लीवर चिकटल्यासारखा बसतो रे! मी गाय विसरून बघत राहिलो."

"मग घे की त्याला."

"हळू बोल. त्याच्या आईचं माहेर पलीकडच्या काउंटीतलं. आज मी नाव काढलं की उद्या आजोबा आजारी पडणार, परवा पोरगं आजोबांच्या सेवेला तिकडे राहायला जाणार, आणि पुढच्या वर्षी आपल्याच विरुद्ध खेळणार."

"अरे, पंधरा वर्षांचं पोर आहे ते!"

"म्हणून तर सांगतोय."

रूअरी आला. किडकिडीत, कानांमागे लाली, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. त्याच्या जोडीला लॉर्कन स्पिलेन नावाचा एक दांडगट पोरगा होता. त्याने चेंडू अडवायला छाती पुढे केली की समोरचा आपोआप बाजूला व्हायचा. या दोघांवर मॅलकीची सगळी भिस्त. इतरांसमोर तो त्यांना मुद्दाम रागवायचा, म्हणजे कुणाला कळायला नको. कळलं सगळ्यांना.

हिवाळाभर पोरं चिखलात घाम गाळत होती. आमच्याकडे बुधवारी आणि शनिवारी. शाळेचा संघ वेगळा, गावच्या क्लबचा वेगळा, आणि रूअरीला तर शहरातल्या शाळेत प्रेंडव्हिल मास्तरांनी रग्बीतही घेतलं होतं. प्रत्येक ठिकाणी शिकवणाऱ्याला वाटायचं, पोरगं आपल्याकडेच येतंय. एकदा लॉर्कन मांडीच्या सांध्यावर हात ठेवून म्हणाला, इथे दुखतंय. मॅलकीने सगळ्यांसमोर विचारलं, "तुझं दुखणं नेमकं शनिवारीच कसं उगवतं रे? काल रात्री नाचायला गेला होतास का?" पोरं हसली. लॉर्कनही हसला आणि पळायला लागला.

लांबच्या पोरांना घरी सोडायचं काम मॅलकीच्या थोरल्या बहिणीचं. अट्रॅक्टा तिचं नाव. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. आईबापाच्या मागे एकाच घरात राहायची. ती टपाल कचेरीतून निवृत्त झालेली. तोंडाने फटकळ, पण गाडीत पोरांसाठी नेहमी काहीतरी भाजलेलं असायचं. ही गाडी भरून जायची, मागच्या काचेवर वाफ धरलेली असायची, आणि मॅलकी मला म्हणायचा, "बघ, माझ्या पोरांना फुकट लाडावते."

वसंत लागला आणि रूअरी यायचा बंद झाला. आईने फोनवर सांगितलं, सर्दी आहे. पुढच्या आठवड्यात लॉर्कन नाही. त्याच्या घरी म्हणे गायी व्यायल्या होत्या. मग आणखी दोघं गळाली. मी म्हटलं, परीक्षा असतील. मॅलकी माझ्याकडे असा बघत राहिला की जणू परीक्षा मीच लावल्या होत्या.

"मॉसी, तू दुकानात कुणापाशी काही बोललास?"

"कशाबद्दल?"

"हे बघ, लगेच उलटा प्रश्न!"

आता त्याला सगळीकडेच काळंबेरं दिसू लागलं. चर्चमधून निघताना पोरांच्या आया त्याला टाळून पलीकडच्या फाटकाने जायच्या. हॅकेटच्या गोठ्यावर गाय माजावर आली तर बोलावणं दुसऱ्याच माणसाला गेलं. मंडळातला एक जण मला हळूच म्हणाला, "मॅलकी पोरांना काही करत तर नाही ना? म्हणजे, मारबीर?" मी सांगितलं, जीभ सोडली तर त्याने कुणाला काही मारलेलं नाही. त्या माणसाने मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं.

मॅलकीचं ठरलं. चोर एकच, प्रेंडव्हिल मास्तर. "लांबुळका चेंडू दाखवून पळवतोय. तिथे गरम पाण्याच्या अंघोळी आहेत, मॉसी. पोराला अजून काय लागतं?"

एका दुपारी त्याने मला गाडीत घातलं आणि रग्बीच्या मैदानाबाहेर झुडपाआड गाडी लावली. आम्ही बराच वेळ बसलो. मास्तर एकटाच चुन्याच्या रेघा मारत होता. एक रेघ मारली, आमच्याकडे पाहिलं, दुसरी मारली, पुन्हा पाहिलं. शेवटी चुन्याचं यंत्र ठेवून तो सरळ आमच्याकडे आला आणि काचेवर टकटक केलं.

"टूही, काय हवंय तुम्हाला?"

"रूअरी हॅकेट कुठे आहे?"

मास्तर लालबुंद झाला. "मला विचारताय? महिना होत आला, तो माझ्याकडे फिरकलेला नाही. तुम्हीच दम भरलात ना त्याला, की रग्बी खेळलास तर काउंटीत घेणार नाही?"

"मी? अहो, तुम्ही पळवलंत त्याला!"

"मी पळवलं असतं तर इथे एकटा चुना फासत बसलो असतो का?"

मास्तर पाय आपटत चुन्याच्या यंत्राकडे परत गेला. परतताना मॅलकीने दोनदा आरशातून मागे पाहिलं. मग म्हणाला, "छान नाटक करतो. पण नाटकच असेल असंही नाही." त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा सर्वांत मोठा विश्वास.

पुढच्या शनिवारी सराव संपवून आम्ही निघालो होतो. अट्रॅक्टा त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून आलीच नव्हती. नाक्यावर हॅकेटबाईंची हिरवी गाडी समोरून गेली आणि मागच्या सीटवर रूअरीचे कान दिसले. मॅलकीने गाडी वळवली. "आता बघू कुठे नेतायत." तो अंतर राखून चालवत होता. हिरवी गाडी शहराकडे वळली नाही, काउंटीच्या हद्दीकडेही नाही. ती किलकोरनमध्ये शिरली, चर्चवरून पुढे गेली आणि टूहींच्या गल्लीत वळली. मॅलकीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"हे माझं घर आहे," तो म्हणाला. मला ते माहीत होतं.

मागच्या दाराने आम्ही आत गेलो. स्वयंपाकघरात रूअरी, त्याची आई आणि लॉर्कन टेबलाशी बसले होते. अट्रॅक्टा रूबार्बचा टार्ट कापत होती. कुणीच उठलं नाही.

"तर तू," मॅलकी बहिणीला म्हणाला. "माझ्याच घरात!"

"घर अर्धं माझंही आहे. बूट काढ."

"माझी पोरं फोडलीस तू?"

"मोडण्याआधी बाजूला काढली." तिने सुरी खाली ठेवली. "घरी सोडायला जाते ना मी यांना. हा रूअरी गाडीतून उतरताना पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवायचा. म्हाताऱ्यासारखा. पंधरा वर्षांचं पोर! आधी वाटलं, थट्टा करतोय. मग लॉर्कनही तसंच करायला लागला. तेव्हा मीच यांच्या आयांना सांगितलं आणि मीच शहरात हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"खुब्याचा सांधा घासत चाललाय. आत्ता थांबला तर वाचेल. लॉर्कनचा जास्त गेलाय."

मॅलकीने दारातच एक बूट काढला. मग त्याने विचारलं, "हा डॉक्टर कुठल्या काउंटीचा?"

हॅकेटबाई ताडकन उठल्या. "ऐकलंस, अट्रॅक्टा? म्हणून मी म्हणत होते, याला सांगू नकोस!"

"मला का नाही सांगितलं?" मॅलकीने रूअरीला विचारलं.

रूअरी बशीकडे बघत बोलला, "लॉर्कनने सांगितलं होतं तुम्हाला. सगळे हसले."

त्यानंतर बरेच दिवस मॅलकी घरी जेवला नाही. माझ्या दुकानामागच्या खोलीत ब्राउन ब्रेड आणि हॅम खायचा आणि बहिणीला शिव्या द्यायचा. डॉक्टर रग्बीवाल्यांना सामील आहे, हाडांचे फोटो दुसऱ्याच पोराचे आहेत, अट्रॅक्टाला हर्लिंगचा पहिल्यापासून राग आहे, असे त्याचे शोध चालले होते. मी खाद्याची पोती रचत ऐकत राहायचो. एक दिवस त्याने शिव्या दिल्या नाहीत. विचारलं तर म्हणाला, "हॅकेटच्या गोठ्यावर गेलो होतो. न बोलावता. पोराला म्हटलं, बापाच्या ट्रॅक्टरवर चढून दाखव. चढला. म्हटलं, आता उतर." त्याने ब्रेड बाजूला सारला. "मॉसी, त्याला मी बघतोय हे कळलं, म्हणून त्याने हात लावला नाही पायाला. तसाच उतरला. तोंड पांढरं पडलं होतं. माझ्यापासून लपवत होता रे."

"मग तू काय केलंस?"

"गाय बघितली आणि आलो."

पण तो प्रेंडव्हिलकडे गेला, स्वतःहून. शाळेच्या एका वर्गात आम्ही सगळे लहान पोरांच्या बाकांवर बसलो: मास्तर, रूअरी आणि लॉर्कनच्या गावांच्या क्लबांचे शिकवणारे, मॅलकी आणि मी. एक पोर आठवड्यात किती पळतं हे तिथे पहिल्यांदाच एकत्र मांडलं गेलं, आणि खोलीत कुणाला कुणाकडे बघवेना. तरी आपला वार सोडायला कुणी तयार नव्हतं. "मी बुधवार सोडला तर तू गुपचूप बुधवार घेणार," असं जो तो दुसऱ्याला म्हणत होता. शेवटी मॅलकी म्हणाला, "माझे दोन्ही वार घ्या. आणि तुमच्यातला कुणी चोरून पळवतोय का, ते मी बघत फिरेन. ते मला जमतं." हे मात्र सगळ्यांनी लगेच मानलं.

त्या उन्हाळ्यात आमची पोरं शेजारच्या काउंटीकडून वाईट हरली. मैदानावर मागून कुणीतरी ओरडलं, "टूही, हरायचे तिकडून किती मिळाले रे?" मॅलकीने वळून पाहिलं नाही. शरद ऋतूत मंडळाने दुसरा माणूस नेमला, आणि आभार मानायला कुणी आलं नाही याचं मॅलकीला नवल वाटलं नाही.

लॉर्कन पुन्हा खेळू शकला नाही. तो आता क्लबात लहान पोरांना शिकवतो. मॅलकी त्याच्याकडे एकदा गेला होता. काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलं नाही, लॉर्कन एवढंच म्हणाला, "आले होते. बराच वेळ उभे होते." रूअरी वर्षभर नुसता पोहला, भिंतीपाशी उभा राहून हलक्या हाताने चेंडू मारत राहिला, आणि मग हळूहळू परतला. गेल्या उन्हाळ्यात सीनियर संघाच्या सामन्यात त्याला उत्तरार्धात आत पाठवलं. कडेच्या रेषेवरून, अवघड कोनातून त्याने चेंडू खांबांमधून घातला आणि आमच्या बाजूचं सगळं स्टँड उभं राहिलं.

मॅलकी बसूनच होता. त्याच्या एका बाजूला अट्रॅक्टा, दुसऱ्या बाजूला मी, आणि पुढच्या रांगेत हॅकेटबाई. त्यांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्याशी त्या अजून मोजकंच बोलतात.

"काय झालं? आवडला नाही?" त्यांनी विचारलं.

"आवडला," मॅलकी म्हणाला. "पण तो त्या उजव्या पायावर वजन टाकतोय ना नीट?"

हॅकेटबाईंनी मैदानावरच्या रूअरीच्या पायाकडे पाहिलं. मग जरा सरकून त्यांनी त्याला पुढच्या रांगेत जागा करून दिली, म्हणजे त्याला तिथून पाय बघता येतील.