गेटवरून आलेला डबा

मोठ्या साहेबांना मराठी येत नव्हतं आणि माझ्या ऑपरेटरला इंग्रजी. म्हणून त्या संध्याकाळी, बोईसरच्या केमिकल कारखान्यात, दोघांच्या मध्ये मी उभा होतो. रिअ‍ॅक्टरमधला माल उतू जाऊन खाली सांडला होता. वासाने डोळे चुरचुरत होते.

"व्हेअर वॉज ही?" साहेबांनी विचारलं.

"सर, ही हॅड गॉन टु द गेट."

वाक्य बरोबर होतं. माल उतू जाण्याआधीच तो गेटवर गेला होता, आणि आधी घडलेल्याला 'हॅड' लावायचं हे मला शाळेपासून पाठ होतं. पण त्याला मीच पाठवलं होतं, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. आई दर आठवड्याला पालघरहून कामगारांना आणणाऱ्या पाळीच्या बसमधून माझ्यासाठी डबा पाठवायची. ड्रायव्हर तो गेटवर ठेवायचा. "जा, घेऊन ये, मी बघतो इथं," असं त्या दिवशी ऑपरेटरला सांगून मी शेजारच्या खोलीत ट्रान्झिस्टरवर क्रिकेट ऐकत बसलो होतो.

ऑपरेटर जवळच्या पाम गावचा, टेम्पररी माणूस. साहेबांनी नको म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून काम बंद.

त्याने हळूच विचारलं, "काय बोलले तुमी, भाऊ?"

"तू गेटवर गेला होतास म्हणून."

"कोनी धाडला ते नाय बोलले?"

मी साहेबांकडे वळलो. माझं प्रमोशन त्याच महिन्यात व्हायचं होतं.

उद्यापासून हा नको, त्याला सांग, असं साहेब इंग्रजीत म्हणाले. ते मराठीत कसं सांगायचं, याचे शब्द मी जुळवत होतो. तो माझ्याकडे एकटक बघत होता. फडक्यात बांधलेला डबा अजून त्याच्याच हातात होता. साहेबांचं तिकडे लक्ष गेलं.

"हूज टिफिन?"

एवढं मात्र त्याला कळलं. त्याने डबा माझ्यापुढे धरला. "घ्या. थंड झाला."

"माइन, सर," मी म्हणालो. "आय हॅड सेंट हिम."

त्याचं काम टिकलं, माझं प्रमोशन गेलं. बायको म्हणते, शेवटी खरं बोललात ना. पण डबा साहेबांना दिसला नसता तर मी बोललो असतो का? हा प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

पुढेही तो माझ्याच पाळीत होता. डबा मी स्वतः आणायला लागलो. काम तो पूर्वीसारखंच करायचा, फक्त मला भाऊ म्हणायचं त्याने सोडलं. साहेब म्हणायला लागला.